बदल केला, पण रात्रपाळीला सांगितलं का? (ऑपरेशन्समध्ये काम करणाऱ्यांसाठी धागा)

होटगी_रोड (धागाकर्ता), सोमवार, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. सोलापुरात बसून पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळणारे आता बरेच जण आहेत. कुणी जुळे सोलापुरात घरून काम करतो, कुणी विजापूर रोडच्या छोट्या ऑफिसातून. कोड लिहिणारे तिकडे आणि सिस्टिम चालू ठेवणारे इकडे, त्यामुळे प्रॉडक्शनवर (ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमवर) केलेला बदल टीममध्ये कसा सांगावा हा आपल्या सगळ्यांचाच प्रश्न आहे. त्यावर मोकळेपणी बोलूया.

एका टीमच्या ग्रुपवर आलेली सूचना नाव-गाव काढून जशीच्या तशी देतो:

"आज रात्री डेटाबेस मेंटेनन्स आहे. थोडा वेळ सर्व्हिस स्लो राहू शकते. कृपया नोंद घ्यावी."

सूचना वेळेत आली, बरोबर ग्रुपवर आली, सगळ्यांनी अंगठे दाखवले. रात्री दीडच्या सुमारास पेमेंटच्या रांगेत मेसेज साचायला लागले. रात्रपाळीच्या मुलीनं सूचना पुन्हा वाचली. "स्लो राहू शकते" असं लिहिलेलंच होतं, म्हणजे हे अपेक्षित असणार, म्हणून ती थांबली. पहाटे उलगडा झाला. डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता आणि बिलिंगच्या सर्व्हिसला नवा पासवर्ड दिलाच नव्हता. पूलमधली, म्हणजे आधीच उघडून ठेवलेली, जुनी कनेक्शन्स जिवंत होती तोवर सगळं ठीक दिसलं. ती संपली तशी नवी कनेक्शन्स नाकारली जाऊ लागली आणि रांग वाढत गेली.

सकाळच्या मीटिंगमध्ये प्रश्न विचारले गेले ते त्या मुलीला, "तू फोन का केला नाहीस?" म्हणून. माझं ठाम मत आहे की तिनं सूचनेत लिहिलं होतं त्याप्रमाणेच केलं. सूचनेनंच तिला खोटा धीर दिला.

तीच सूचना अशी आली असती तर?

"काय: ऑर्डर डेटाबेसच्या ॲप युजरचा पासवर्ड बदलणार.
कधी: शनिवार ००:३० ते ०१:०० (म्हणजे शुक्रवारची रात्र), भारतीय वेळ.
काय दिसेल: ००:४० च्या आसपास पाचेक मिनिटं लॉगिन एरर वाढतील, मग आपोआप कमी होतील.
काय दिसता कामा नये: पेमेंटची रांग ५०० च्या वर. तशी गेली तर ते या बदलामुळेच झालंय असं धरा, वाट बघू नका.
मागे कसं घ्यायचं: जुना पासवर्ड व्हॉल्टमध्ये आहे. रनबुकची पायरी ४.
कुणाला उठवायचं: बदल करणाऱ्यालाच. मेसेज नको, फोन करा."

(नव्यांसाठी: व्हॉल्ट म्हणजे पासवर्ड ठेवायची सुरक्षित जागा, रनबुक म्हणजे करायच्या पायऱ्यांची लिहिलेली यादी.) लिहायला फार तर दहा मिनिटं जास्त लागतात. यातली चौथी ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण ती लिहायची तर बदल करणाऱ्याला आधी विचार करावा लागतो की आपल्या बदलानं काय काय मोडू शकतं. "पेमेंटची रांग" हे शब्द लिहिताना बिलिंगची सर्व्हिस आठवलीच असती. सूचना वाचणारा रात्री दीडला एकटा असतो, त्याला काय लागेल ते बघून ती लिहावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुमच्याकडे कसं चालतं?

चाटी_गल्ली, सोमवार, रात्री १०:०२

मूळचा सोलापूरचा, सध्या पुण्यात डीबीए (डेटाबेस सांभाळणारा). अर्ध्या म्हणण्याशी सहमत.

उरलेल्या अर्ध्याबद्दल: सूचना वाईट लिहिलेल्या असतात हे खरंच, पण त्या फार असतात हा त्याहून मोठा त्रास आहे. दर छोट्या बदलाला सहा ओळी पाठवल्या तर आठवड्याभरात लोक सगळ्याच सूचना न वाचता पुढे सरकवतील.

नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीचं प्रकरण बघा. १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतला शेअर बाजार. ८ पैकी ७ सर्व्हरवर नवा कोड गेला, आठव्यावर जुनाच राहिला. बाजार उघडल्यावर साधारण ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. हे बहुतेकांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी की त्या सकाळी बाजार उघडण्याआधी त्यांच्याच सिस्टिमनं गडबडीकडे बोट दाखवणारे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. पण ते अलर्ट म्हणून तयार केलेले नव्हते, रोज येणाऱ्या ढिगातलेच होते, म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

त्यामुळे माझ्या मते आधी बदलांची वर्गवारी हवी. रोजचे, ठरलेल्या पद्धतीचे, शंभरदा करून झालेले बदल फक्त लॉगमध्ये टाका, ग्रुपवर नको. ज्याचा परिणाम दुसऱ्या टीमला दिसू शकतो तेवढ्यालाच सहा ओळी. आणि तातडीच्या बदलाला थेट फोन, कागद नंतर.

होटगी_रोड, सोमवार, रात्री १०:२०

वर्गवारी मान्य. पण पासवर्ड बदलणं हा कुठल्या वर्गात बसेल? करणाऱ्याच्या दृष्टीनं तो रोजचाच बदल होता, म्हणून तर सूचना अडीच ओळींत उरकली. वर्ग करणाऱ्यानं एकट्यानं ठरवू नये. ज्याच्या पाळीत तो बदल येणार आहे, त्याला "हा रोजचा नाही" म्हणायचा हक्क हवा.

नाइट कॅपिटलबद्दल एक भर. गोंधळ सुरू झाल्यावर त्यांनी ज्या ७ सर्व्हरवर नवा कोड नीट गेला होता तिथूनच तो काढून टाकला. त्यामुळे आठव्यावरचा रोग सगळीकडे पसरला. कुठल्या मशीनवर नेमकं काय आहे, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलं असतं तर ती पायरी कुणी उचलली नसती.

रात्रपाळी, मंगळवार, सकाळी ७:४०

पाळी संपवून लिहितेय. धाग्यातली ती मुलगी मी नाही, पण असू शकले असते.

अंगठ्याबद्दल बोलायचंय. अंगठा म्हणजे "मेसेज माझ्या फोनवर आला". वाचला का, कळला का, हे त्यातून समजत नाही. आमच्या आधीच्या लीडनं एक पद्धत घातली होती आणि ती मला फार पटली. रात्री बदल असेल तर रात्रपाळीवाल्यानं उत्तरात स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहायची. उदाहरणार्थ, "एरर पाच मिनिटांत थांबल्या नाहीत तर मी पायरी ४ चालवणार आणि तुम्हाला फोन करणार." ही ओळ आल्याशिवाय बदल सुरूच करायचा नाही. कितीदा तरी ती ओळ वाचून पुण्याचा माणूस म्हणायचा, "अहो नाही, पायरी ४ नाही, आधी ३ करायला लागेल." म्हणजे चूक बदलाच्या आधी सापडायची.

दुसरं, पाळी बदलताना पंधरा मिनिटं दोघांनी एकत्र बसावं. माझ्याकडे संध्याकाळच्या पाळीचा मुलगा "सगळं ओके" लिहून निघून जातो. साडेसातला काय डिप्लॉय झालंय (सर्व्हरवर चढवलंय) ते मला टिकीट, म्हणजे बदलाची नोंद, उघडून शोधावं लागतं. आणि रात्रपाळीला बाई असेल तर काही जण फोन करायलाही कचरतात, "कशाला त्रास द्यायचा" म्हणून. त्रास फोनचा होत नाही, माहिती नसण्याचा होतो. कृपा करून फोन करा.

शेंगा_चटणी, मंगळवार, दुपारी १:१०

नुकताच कॉलेजातून बाहेर पडलोय, या क्षेत्रात नवीन आहे. सूचना नक्की कुठे लिहायची? आमच्याकडे व्हॉट्सॲप ग्रुप आहे, स्लॅक (ऑफिसचं चॅट) आहे, जिरा (टिकीटं ठेवायचं सॉफ्टवेअर) आहे आणि ईमेलही जातो. चारही ठिकाणी वेगवेगळं लिहिलेलं असतं.

होटगी_रोड, मंगळवार, दुपारी २:०५

@शेंगा_चटणी, चांगला प्रश्न. खरी सूचना एकाच ठिकाणी, टिकीटमध्ये. बाकी सगळीकडे त्याची फक्त लिंक आणि एक ओळ. व्हॉट्सॲपवर पूर्ण सूचना टाकली की पुढची दुरुस्ती खाली कुठेतरी जाते. वरचा मेसेज तसाच राहतो आणि उशिरा आलेला माणूस वरचाच वाचतो.

आपल्या सोलापूरकरांना हे वेगळं समजवायला नको. पाण्याचा दिवस बदलला की गल्लीच्या ग्रुपवर एक जण म्हणतो उद्या, दुसरा म्हणतो परवा, आणि तिसऱ्यानं टाकलेला फोटो मागच्या महिन्यातला असतो. शेवटी व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाला विचारतात तेव्हा खरं कळतं. टिकीटची जागा त्या व्हॉल्व्हवाल्याची. शंका आली की सगळ्यांनी तिथेच बघायचं.

वेळ बदलली तर मूळ टिकीटमध्येच बदला, वर ठळक लिहा "वेळ बदलली, आधी ००:३० होती", आणि मग लिंक पुन्हा टाका. नुसतं "एक तास पुढे ढकललंय" असं लिहू नका. कशाच्या पुढे, ते दहा मेसेजनंतर कुणालाच कळत नाही.

भवानी_पेठ, मंगळवार, रात्री ८:३०

सोलापूरची एक वेगळी अडचण सांगतो, इथे बऱ्याच जणांना ओळखीची वाटेल.

आमच्या घरी तेलुगू बोलतात. कंपनीचे डेव्हलपर हैदराबादचे. पहिल्या आठवड्यातच त्यांना कळलं की सोलापूरच्या टीममध्ये तेलुगू बोलणारा एक जण आहे. तेव्हापासून प्रत्येक बदलाचा फोन मला येतो. काम झटकन होतं, शंका मोकळेपणी विचारता येतात, मला आवडतंही. पण खरं सांगलालो, त्या फोनवर जे बोलणं होतं ते माझ्याबरोबर घरी जातं. मी रजेवर असलो की टीममधल्या कुणालाच माहीत नसतं की अमुक सर्व्हिस आता नव्या पोर्टवर (कनेक्शनच्या नव्या क्रमांकावर) ऐकतेय. एकदा मी सुटीवर गावाला असताना तसंच झालं आणि टीमनं अर्धा दिवस जुन्या पोर्टवरच डोकं आपटलं. त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

आता हैदराबादच्या मित्रांशी ठरवून टाकलंय. फोनवर तेलुगूत हवं तेवढं बोलू, पण फोन ठेवायच्या आधी त्यानंच टिकीटमध्ये सोप्या इंग्रजीत चार ओळी टाकायच्या आणि मी त्या मोठ्यानं वाचून दाखवायच्या. मी लिहीत नाही, तोच लिहितो, कारण बदल त्याचा आहे. सुरुवातीला त्याला कंटाळा यायचा. आता तोच म्हणतो की वाचून दाखवताना त्याला स्वतःच्या दोन चुका सापडल्या.

रात्रपाळी, मंगळवार, रात्री ८:५५

+१. आमच्याकडे हेच कन्नडमध्ये चालतं, बंगळुरूच्या टीमशी.

जुना_ॲडमिन, बुधवार, सकाळी ६:५०

मी आता निवृत्त आहे. बरीच वर्षं एका बँकेच्या डेटा सेंटरला होतो. आमच्याकडे दर बदल मंजुरीच्या समितीपुढे जायचा. ज्याला तुम्ही लोक सीएबी म्हणता तीच. अर्ज, सह्या, जोखमीचा रकाना, सगळं शिस्तीत. पण पोरांनो, मंजुरी मिळाली म्हणजे माहिती पोहोचली असं होत नाही. समितीत बसणारे साहेब दिवसा काम करायचे, बॅच चालवणारा ऑपरेटर रात्री. सही साहेबांची असायची आणि टेप अडकली की घाम ऑपरेटरला फुटायचा. म्हणून आम्ही कन्सोलजवळ एक रजिस्टर ठेवलं होतं. आज रात्री वेगळं काय आहे, एवढंच त्यात. ऑपरेटर आला की आधी ते वाचून सही करायचा, मग खुर्चीत बसायचा.

होटगी_रोड यांची "काय दिसता कामा नये" ही ओळ त्या रजिस्टरात नव्हती. असायला हवी होती.

कंबर_तलाव, बुधवार, सकाळी ११:२५

नेटवर्कवाला बोलतोय. जोखमीच्या रकान्यावरून कॅनडातल्या रॉजर्स या टेलिकॉम कंपनीची गोष्ट आठवली. ८ जुलै २०२२ ला त्यांचं मोबाईल आणि इंटरनेट देशभर बंद पडलं, १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहक. काम ७ टप्प्यांचं होतं आणि हा सहावा टप्पा. सुरुवातीला जोखीम "जास्त" अशी नोंदवली होती. आधीचे टप्पे सुरळीत गेले म्हणून सहाव्यापर्यंत ती "कमी" वर आली. त्या टप्प्यात राउटरवरचा एक फिल्टर काढला गेला, रूट्सचा (डेटाच्या मार्गांच्या माहितीचा) पूर कोअर, म्हणजे मुख्य, नेटवर्कमध्ये घुसला आणि सगळं बसलं. आणि बंद पडल्यावर त्यांच्या माणसांना एकमेकांशी बोलणंही मुश्कील झालं, कारण सगळ्यांकडे फोन आणि नेट कंपनीचंच.

यातून मी दोन गोष्टी माझ्या टीममध्ये लावून घेतल्यात. आधीचा टप्पा नीट गेला म्हणून पुढच्या टप्प्याची सूचना छोटी करायची नाही. आणि ज्या सिस्टिमवर बदल चाललाय, तिच्यावरच निरोपाची सोय अवलंबून ठेवायची नाही. ॲमेझॉनची डेटा साठवायची सेवा एस३ २८ फेब्रुवारी २०१७ ला पडली तेव्हा त्यांचं स्टेटस दाखवणारं पानही एस३ वरच टेकलेलं होतं, त्यामुळे ते वेळेत बदलता आलं नाही. आमच्याकडे बदल करणारा आणि रात्रपाळीवाला यांचे खासगी नंबर एका छापील कागदावर टेबलाच्या काचेखाली आहेत.

चाटी_गल्ली, बुधवार, दुपारी ३:४०

वेळेबद्दल कुणी बोललं नाही अजून. होटगी_रोड यांनी कंसात "म्हणजे शुक्रवारची रात्र" लिहिलंय, ते फार बरं केलं. आपण बोलताना "शुक्रवारी रात्री दीड वाजता" म्हणतो, कॅलेंडरमध्ये तो शनिवार असतो. मी असे दोन टिकीट पाहिलेत ज्यात एक माणूस चोवीस तास आधी तयारीत बसला होता.

अमेरिकन ग्राहक असेल तर आणखी गुंता. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा कधी साडेनऊ तास मागे, कधी साडेदहा. दर आठवड्याचा ठरलेला बदल त्यांच्या वेळेनं लावलेला असेल तर नोव्हेंबरात तो आपल्या दुसऱ्याच पाळीच्या माणसाच्या अंगावर येतो, आणि त्याला कुणीच सांगितलेलं नसतं.

भवानी_पेठ, बुधवार, संध्याकाळी ७:१५

वेळेवरून गड्ड्याच्या यात्रेची आठवण झाली. पुण्याच्या मॅनेजरला जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा म्हणजे फक्त संक्रांतीची एक सुटी वाटते. इथे भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, दुसऱ्या दिवशी होम प्रदीपन, त्याच्या पुढच्या दिवशी शोभेचं दारूकाम. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे रस्ते बंद असतात, ऑफिसला पोहोचायलाच वेळ लागतो, अर्धी टीम रजेवर असते. एका वर्षी नेमका भोगीच्या संध्याकाळी स्टोरेजचं मायग्रेशन (डेटा नव्या जागी हलवणं) ठेवलं होतं. सूचना उत्तम लिहिली होती, पण वाचायला माणूस कुठे होता?

होटगी_रोड, बुधवार, रात्री ९:३०

अगदी बरोबर. आपण सोलापूरच्या टीमनं वर्षाच्या सुरुवातीलाच गड्डा, मार्कंडेय जयंती, गणपती, दिवाळी यांच्या तारखा आणि त्या दिवशी प्रत्यक्ष किती माणसं असणार हे सामाईक कॅलेंडरवर टाकून द्यावं. "बदल करू नका" असं म्हणायची गरज नाही. "१३ तारखेला रात्री एकच माणूस आहे आणि तो नवीन आहे" एवढं समोर दिसलं की समजूतदार माणूस आपणच तारीख हलवतो. गुगलच्या एसआरई (सिस्टिम चालू ठेवणाऱ्या इंजिनिअर) मंडळींचा जाहीर केलेला अनुभव असा आहे की साधारण ७० टक्के बिघाड चालू सिस्टिममधल्या बदलांमुळे होतात. हे खरं धरलं तर माणसं कमी असतील त्या रात्री बदल टाळणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

आणखी एक राहिलं, "झालं" हा निरोप. बदल सुरू होताना सगळे सांगतात, संपल्यावर कमीच, आणि रद्द झाला तर बहुतेक कुणीच नाही. रात्रपाळीवाला मग पहाटेपर्यंत प्रत्येक आकड्याकडे संशयानं बघत राहतो. रद्द झाल्याचा निरोप सुरू झाल्याच्या निरोपाइतकाच महत्त्वाचा आहे.

शेंगा_चटणी, गुरुवार, सकाळी १०:१०

हे निरोप आपोआप पाठवले तर? स्क्रिप्ट संपली की ईमेल जाईल.

कंबर_तलाव, गुरुवार, सकाळी ११:००

जरूर करा, पण तो ईमेल पोहोचतोय का ते तपासत राहा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड ठेवायच्या सेवेच्या एका इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेसचा डेटा चुकून पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप बरेच दिवस फेल होत होता. फेल झाल्याचे ईमेल निघतही होते, पण डीएमएआरसीच्या तपासणीत (ईमेल खरंच त्या पाठवणाऱ्याचा आहे का, हे बघण्यात) ते नाकारले जात होते, म्हणून कुणापर्यंत पोहोचलेच नाहीत. शांतता म्हणजे सगळं ठीक, असं धरलं गेलं. त्यांनी हे सगळं नंतर उघडपणे लिहून काढलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

आमच्याकडे यशस्वी झाल्याचाही निरोप येतो. ठरल्या वेळेला तो आला नाही तर अलर्ट वाजतो.

रात्रपाळी, गुरुवार, रात्री ९:४५

एक प्रश्न राहतोच. आपल्या टीमचे बदल आपण नीट सांगू. बाहेरच्यांचे काय? पेमेंट गेटवे, क्लाउड, अँटीव्हायरस. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीची सदोष अपडेट फाईल आली तेव्हा आपल्याकडे सकाळचे ९:३९ वाजले होते. ७८ मिनिटांत त्यांनी ती मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख विंडोज मशीन्सना फटका बसला होता. त्याची सूचना कुणालाच नव्हती.

जुना_ॲडमिन, शुक्रवार, सकाळी ६:३५

ताई, न सांगता येणाऱ्या बदलाला औषध एकच. तो आधी आपल्या चार मशीनवर येऊ द्यायचा, मग सगळीकडे. तशी सोय आहे का, हे विक्रेत्याला करारावेळीच विचारायचं.

पण सांगून येणारे बदलही किती वाया जातात ते सांगतो. गेटवेवाले सुरक्षित कनेक्शनचं प्रमाणपत्र बदलायच्या महिनाभर आधी ईमेल पाठवतात. तो जातो ज्यानं सुरुवातीला खातं उघडलं त्याच्या पत्त्यावर, आणि तो माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. माझ्या ओळखीच्या एका ऑफिसात नेमकं हेच झालं, दुकानदारांची वसुली सकाळभर अडली. प्रत्येक विक्रेत्याकडे संपर्क म्हणून टीमचा सामाईक पत्ता द्या. दर सोमवारी तो कोण उघडणार त्याचं नाव पाळीच्या तक्त्यात लिहा. आलेल्या ईमेलमधून आपल्याला लागू होणारा बदल निघाला की त्याचंही वर दिलंय तसंच टिकीट करा, सहा ओळींचं.

होटगी_रोड, शुक्रवार, सकाळी ९:२०

काका, आजच आमच्या विक्रेत्यांची यादी काढतो. पहिल्या तिघांचे पत्ते आत्ता तपासले, त्यातला एक गेल्या वर्षी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा निघाला. बदलायची विनंती पाठवलीय.